मोटारसायकलीच्या विजेतील बिघाड व त्यांचा क्रमवार शोध

बडनेरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील जंक्शन असून अमरावतीस जाणारा फाटा येथूनच निघतो. या आसमंतातील शेतकरी एके काळी दमणी किंवा रेंगी जुंपून बाजारास येत असे. आज त्याच्या दारात मोटारसायकल अथवा स्कूटर उभी असते. बियाण्याची पिशवी, युरियाचे पोते व फवारणीचा पंप तिच्यावरूनच वावरात जातो. रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्यास ओलित करावयाचे असता विहिरीपर्यंतची अंधारी वाट तिच्याच दिव्याच्या उजेडात काढावी लागते. अशा वेळी दिवा एकाएकी मालवला तर केवळ कामाचा खोळंबा होतो असे नव्हे, जिवासही धोका संभवतो.

विजेचा बिघाड डोळ्यांस सहसा दिसत नाही. त्यामुळे आज बॅटरी, उद्या कॉइल, परवा प्लग असे एकामागून एक भाग अंदाजाने बदलले जातात. वस्तुतः दोष पुष्कळदा एखाद्या सैल किंवा गंजलेल्या सांध्यात असतो. म्हणून भाग बदलण्यापूर्वी प्रवाहाची वाट तपासणे, हाच या कामातील पहिला नियम होय.

वीज कोठून येते व कोठे जाते

इंजिन फिरू लागले की त्यास जोडलेल्या मॅग्नेटोत वीज उत्पन्न होते. रेग्युलेटर-रेक्टिफायर हा भाग तिचा दाब आवरतो व ती बॅटरीत साठविण्याजोगी करतो. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह मुख्य फ्यूज, किल्लीचा स्विच व त्या त्या उपकरणाचा स्विच या वाटेने दिवा, भोंगा इत्यादींकडे जातो. परत येताना तो गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकास मिळतो. या परतीच्या वाटेस ‘अर्थ’ म्हणतात.

शेवटच्या वाफ्यास पाणी पोहोचले नाही म्हणजे शेतकरी लगेच नवा पंप आणीत नाही. तो विहिरीपासून दांडाने चालत येतो आणि दांड कोठे फुटला वा बुजला ते पाहतो. विजेच्या बाबतीतही हीच रीत योग्य ठरते.

प्रथम लक्षण ओळखावे

१) किल्ली फिरवूनही काहीच लागत नसेल, तर मुख्य फ्यूज, बॅटरीची टोके किंवा किल्लीचा स्विच यांत दोष असावा.

२) दिवे मंद, भोंगा घोगरा व बटण दाबताच नुसता ‘कट् कट्’ आवाज, ही उतरलेल्या बॅटरीची किंवा सैल टोकांची खूण होय.

३) स्टार्टर जोमाने फिरतो, परंतु इंजिन पेट घेत नाही. अशा वेळी पेट्रोल आहे याची खात्री करून नंतर प्लग, प्लगची टोपी व कॉइल पाहावी.

४) एकच उपकरण बंद असेल, तर बॅटरीस दोष देऊ नये. त्याचा बल्ब, स्विच किंवा अर्थ तपासावा. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा जलद लुकलुकत असेल, तर बहुधा त्या बाजूचा बल्ब गेलेला असतो.

५) ब्रेक दाबताच इंडिकेटरही मंद उजळत असतील, तर मागील दिव्यांचा अर्थ सुटला आहे असे समजावे.

जुन्या पुष्कळ गाड्यांत समोरच्या दिव्यास मॅग्नेटोची वीज थेट मिळत असे. इंजिन मंद चालता दिवा मंद होणे, हा अशा गाडीतील बिघाड नव्हे.

तपासणीचा क्रम

प्रथम हँडलवरील इंजिन बंद करण्याची लाल कळ पाहावी. ती चुकून दाबली गेल्याने गाडी ढकलीत नेण्याची पाळी अनेकांवर येते. काही नव्या गाड्या बाजूचे स्टँड खाली असता सुरू होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर बॅटरीची टोके हलवून पाहावीत. त्यांवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड साचली असल्यास टोके सोडवून, कोमट पाण्याने पुसून, कोरडी करून घट्ट बसवावीत व वरून थोडे व्हॅसलीन लावावे. सोडविताना ऋण टोक प्रथम व जोडताना ते शेवटी, हा क्रम मोडू नये. अन्यथा धन टोकावरील पाना सांगाड्यास टेकून मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असल्याने जवळ विडी ओढू नये.

मल्टिमीटर जवळ असल्यास काम सोपे होते. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या १२ व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दाब मिळतो. १२ किंवा त्याहून कमी मिळाल्यास बॅटरी उतरली आहे असे समजावे. इंजिन मध्यम वेगाने चालू असता हा दाब साधारणपणे १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असावा. तो वाढतच नसेल, तर बॅटरीस वीज पोहोचत नाही. तेथे नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत उतरेल. तो १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरी व बल्ब दोन्ही खराब होतील.

फ्यूजच्या जागी तार नको

फ्यूज जळणे हा मूळ रोग नव्हे, ती सूचना होय. कोठेतरी वायरीचे आवरण घासून तांबे सांगाड्यास टेकलेले असते. हँडलच्या मानेजवळ, आसनाखाली व मागील चाकावरील पत्र्याजवळ हे विशेषकरून घडते. हँडल एका बाजूस वळविताच दिवे जात असतील, तर दोष मानेजवळच शोधावा.

दोष न शोधता फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे अत्यंत घातक आहे. बॅटरीपासून किल्लीच्या स्विचपर्यंतच्या वायरीत किल्ली बंद असतानाही वीज असते. समजा, वेचणीच्या दिवसांत घरात कापूस साठविला आहे, शेजारीच गाडी उभी आहे आणि रात्री उंदराने ती वायर कुरतडली. योग्य फ्यूज असल्यास तो क्षणात वितळून प्रवाह तोडील. तेथे तार असल्यास वायर तापून लाल होईल, आणि जवळच पेट्रोल व कापूस आहे. वर्षाची मेहनत काही रुपयांच्या फ्यूजसाठी धोक्यात घालू नये. गाडीवर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज वापरावा व एक जादा फ्यूज जवळ ठेवावा.

वऱ्हाडातील ऋतुमान व निगा

उन्हाळ्यात पाणी घालावयाच्या बॅटरीतील पाणी लवकर आटते. ते दोन रेषांच्या दरम्यान राहील इतके केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी घालू नये. बंद बॅटरी उघडू नये. आम्ल अंगावर सांडल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

मृगाच्या पावसानंतर काळ्या जमिनीचा चिखल सांध्यांत साचून ओल धरतो. गाडी धुताना स्विच व जोडण्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. युरिया व इतर रासायनिक खते ओल शोषून घेतात आणि त्यांची भुकटी सांध्यांवर बसल्यास गंज लवकर चढतो. म्हणून खत वाहून आणल्यावर गाडी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी.

नव्या गाड्यांविषयी

जुन्या स्कूटरींचे पॉइंट पॉलिश कागदाने घासून गाडी सुरू करण्याची युक्ती अनेकांस ठाऊक आहे. आजच्या गाड्यांत पॉइंट नसतात. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ हे प्रदूषणविषयक मानक लागू झाल्यावर गाड्यांत इंधन फवारणीची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. तिच्या पंपास वीज लागते. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरल्यास अशी काही वाहने किकनेही सुरू होत नाहीत. किल्ली चालू असता तिच्या जोडण्या ओढू नयेत. इंजिनाचा सूचक दिवा सतत जळत राहिल्यास जाणत्या कारागिराकडे जावे.

सारांश, लक्षण ओळखावे, बॅटरीपासून प्रवाहाच्या वाटेने पुढे जावे, सांधा व अर्थ तपासावा आणि मगच भाग बदलावा. मृगापूर्वी एक व वेचणीपूर्वी एक अशी वर्षातून दोनदा ही तपासणी केल्यास ऐन हंगामातील खोळंबा व रात्रीचा धोका बहुतांशी टळेल.