कुत्र्यांची संख्या उकिरडा ठरवतो

कुत्रा चावला म्हणून दवाखान्यात आलेला रुग्ण इंजेक्शन घेता घेता एक प्रश्न हमखास विचारतो, "डॉक्टर, ही कुत्री एवढी वाढली कशी?" गोरेगावात व्यवसाय करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आज त्याविषयीच चार शब्द लिहितो. त्याचे उत्तर आपल्या आरोग्याशी निगडित आहे आणि ते तुमच्या गावालाही तितकेच लागू पडते.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा. ती वर्षातून एकदा, क्वचित दोनदा विते आणि एका वेळी चार-सहा पिल्ले होतात. सर्व पिल्ले जगली आणि त्यांनाही पिल्ले होत गेली, तर एका जोडीपासून काही वर्षांतच हजारो कुत्री होतील. प्रत्यक्षात तसे होत नाही. पश्चिम बंगालमध्ये शास्त्रज्ञांनी पाच वर्षे भटक्या कुत्र्यांची पिल्ले मोजली. दर पाचांपैकी जेमतेम एक पिल्लू वयात येण्याइतके जगले.

ताटे किती, त्यावर पंगत

खानावळीत पन्नास जणांचा स्वयंपाक असेल तर शंभर जण रोज जेवू शकत नाहीत. निसर्गाचेही तसेच आहे. एखाद्या जागेतील अन्न, पाणी आणि निवारा यांवर तेथे किती प्राणी जगतील हे ठरते. याला त्या जागेची धारणक्षमता म्हणतात. संख्या त्या मर्यादेजवळ आली की उपासमार, मारामाऱ्या आणि रोग वाढतात. खरूज, गोचीड, पिल्लांचा पार्व्हो हे सारे दाटीत झपाट्याने पसरते. शिकारी प्राणी असेल तर त्यालाही सावज सहज मिळते. म्हणजे गर्दी स्वतःच स्वतःला आवर घालते.

काही कारणे मात्र गर्दी पाहत नाहीत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. असा पूर थोडे प्राणी असोत की पुष्कळ, सर्वांनाच झोडपतो. पण पूर ओसरला आणि अन्न शिल्लक असले, की संख्या पुन्हा भरून येते.

मारून का भागत नाही?

मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा उपाय फार जुना आहे. त्या हुकमावरून 1832 साली शहरात दंगल झाली होती. पुढे नव्वदच्या दशकापर्यंत पालिका कुत्री मारत राहिली. तरी कुत्री संपली नाहीत. 2014 च्या गणनेत ती सुमारे 95 हजार भरली. याचे कारण उघड आहे. पंगतीतले दहा जण उठवले, पण ताटे तशीच ठेवली. मग उरलेल्या कुत्र्यांची पिल्ले अधिक जगतात आणि शेजारच्या गल्लीतली कुत्री येऊन बसतात. ही नवी कुत्री लस न टोचलेली असतात, हा धोका वेगळाच.

म्हणून 2001 च्या केंद्रीय नियमांनी नसबंदी आणि लसीकरण हा मार्ग घालून दिला. नसबंदी झालेली कुत्री आपले ताट अडवून बसते, पण विते मात्र नाही. हे काम नेटाने आणि बहुसंख्य कुत्र्यांवर झाले तरच उपयोग होतो. वर्षाकाठी चार-दोन कुत्री पकडून काही साधत नाही.

बिबट्या आणि गिधाड

गोरेगावच्या आरे वसाहतीला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर. 2015 च्या पाहणीत या परिसरात 35 बिबटे मोजले गेले आणि त्यांच्या आहारात जवळजवळ पाव हिस्सा कुत्र्यांचा आढळला. हे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खात असावेत आणि त्यामुळे माणसांना होणारे सुमारे हजार दंश टळत असावेत, असा अंदाज 2018 मध्ये एका शास्त्रीय लेखात मांडला गेला.

हे वाचून बिबट्याला आपला रखवालदार समजू नये. साखळी नीट पाहावी. कचऱ्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. 2022 साली आरेत बिबट्याच्या हल्ल्यात एका तान्ह्या मुलीचा जीव गेला. तिन्हींचे मूळ एकच, उघडा कचरा.

दुसरे उदाहरण गिधाडांचे. पाठ-कंबर दुखली की आम्ही डॉक्टर देतो ते डायक्लोफेनॅक पूर्वी गुरांनाही सर्रास दिले जाई. असे मेलेले जनावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. नव्वदच्या दशकापासून देशातील गिधाडांच्या तीन जाती 95 टक्क्यांहून अधिक घटल्या. कारण 2004 मध्ये सिद्ध झाले आणि 2006 मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर गिधाडांची ताटे कुत्र्यांपुढे आली होती, आणि कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोकाही वाढला होता.

आपण काय करावे?

उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये. खाटीक, मच्छीविक्रेते आणि मंगल कार्यालये यांचा कचरा झाकलेल्या पेटीत जाऊन रोजच्या रोज उचलला जावा, असा आग्रह धरावा. नगरपालिकेकडे कुत्री मारण्याची नव्हे, तर नसबंदीची आणि लसीकरणाची मागणी करावी. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजचा प्रसार खुंटतो. गोव्यात वर्षानुवर्षे चाललेल्या लसीकरणाने कुत्र्यांमधील रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला.

आणि कुत्रा चावलाच तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी.

2. तिखट, चुना, हळद, तेल काहीही लावू नये. जखमेला घाईने टाके घालू देऊ नयेत.

3. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात किंवा डॉक्टरांकडे जावे. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती आता बाळगू नये. लस दंडात, चार-पाच खेपांत दिली जाते.

4. रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. त्याची आठवण डॉक्टरांना अवश्य करावी.

5. बरे वाटते म्हणून पुढचे डोस चुकवू नयेत. पिल्लू चावले किंवा नुसते ओरखडले, तरी दुर्लक्ष करू नये.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर तो होत नाही. उपचाराचे काम आम्ही करू, पण गल्लीत किती ताटे मांडायची हे तुमच्याच हाती आहे.