कुंभारणीच्या घरात

धार-देवासच्या जुन्या वाड्यांत पावसाळा सरत आला की तुळईच्या कडेला, कोनाड्यात, क्वचित टांगलेल्या छत्रीच्या घडीतही मातीचा एक ढेपूळ चिकटलेला आढळतो. घरातील वडील माणसे सांगतात की तो कुंभारणीचा. ती एक किडा आणून आत कोंडते, त्याच्याभोवती गुणगुणते आणि त्या ध्यासाने किड्याचीच कुंभारीण होते. ही समजूत फार जुनी आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये या माशीची गणना झाली आहे, आणि १५७३ साली काशीस पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतातून तो दृष्टांत मराठी घरांत पोचला.

गेल्या आश्विनात आम्ही आठवीच्या मुलांसमवेत असा एक ढेपूळ चाकूच्या टोकाने उकलला. आत शेजारी शेजारी पाच कोठड्या होत्या. पहिलीत बारीक कोळी दाटीने भरलेले, आणि तळाच्या एका कोळ्याच्या पोटावर चिकटलेले पांढरट, किंचित वाकडे अंडे. दुसरीत कोळ्यांचे थोडे पाय उरलेले व एक लठ्ठ अळी. उरलेल्या तिन्हींत तपकिरी कोश. अंडे, अळी, कोश हा क्रम मुलांनी स्वतःच जुळविला. कोळी हा त्या अळीचा शिधा होय, हे निराळे सांगावे लागले नाही.

एका मुलीने दया येऊन एक कोळी केरसुणीच्या काडीने बाहेर काढला. तो पळाला नाही. पाय मात्र हलला. "मेला नाही, तर पळत का नाही?" असे तिने विचारले. माशीची नांगी हे मुळात अंडे घालण्याचेच अवयव. त्यातील विषाने भक्ष्य लुळे पडते, पण मरत नाही, म्हणून अळी मोठी होईतो ते कुजत नाही. फ्रान्समधील फाब्र (१८२३–१९१५) यांनी अशा माश्यांच्या मागे उन्हातान्हांत आयुष्य घालविले. अळीच्या जिवंत देहात पिले वाढविणाऱ्या माश्या दयाळू ईश्वराने हेतुपूर्वक निर्मिल्या असतील हे आपणास पटत नाही, असे डार्विनने १८६० साली एका पत्रात लिहिले. आम्हासही त्या मुलीचे समाधान करता आले नाही.

आता ओळखण्याविषयी. प्रथम कंबर पाहावी. काळे अंग, पिवळे पाय आणि दोऱ्यासारखी लांब कंबर असेल तर ती कुंभारीण. शास्त्रीय नाव स्केलिफ्रॉन मद्रासपटॅनम, जे फॅब्रिशियसने १७८१ साली मद्रासवरून दिले. ओल्या मातीसाठी ती तलावकाठी येते. धारेस मुंज तलावाच्या काठी शोधून पाहावे. घरटे गळ्याच्या चिमुकल्या सुरईसारखे असेल तर मालकीण दुसरी. ती सुरवंट भरते आणि अंडे छताला तंतूने टांगते. कागदी पोळे करून समूहाने राहते ती गांधीलमाशी. १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस असलेले फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या कादंबरीत खुंटीवर बसलेली एक माशी आहे. उडताना मागे लोंबणारे पिवळे पाय त्यांनी टिपले, कंबर टिपली नाही. त्यामुळे तिची जात सांगता येत नाही!

एका पिलासाठी पुष्कळ भक्ष्य आणणारी कुंभारीण खरे तर शिकारी. एकाच प्राण्यावर पिलू पोसून अखेर त्याचा जीव घेणारी ती पराश्रयी माशी. चकचकीत हिरवी झुरळमाशी अशीच. ती झुरळाला दोन डंख करते, एक छातीत व दुसरा नेमका डोक्यात. मग चालू शकणारे पण पळण्याची इच्छा हरपलेले ते झुरळ मिशी धरून बिळात नेते, त्याच्या पायाशी अंडे घालते आणि दार खड्यांनी बुजविते.

ते तीन कोश आम्ही मलमल बांधलेल्या बाटलीत ठेवले. तीन आठवड्यांनी एकातून कुंभारीण निघाली. दुसऱ्यातून निघाली निळ्या-हिरव्या मिन्याची, बोटाने शिवताच अंगाची गोळी करणारी भलतीच माशी. तिच्या आईने मातीच्या भिंतीस छिद्र पाडून आत अंडे घातले होते, व तिने कुंभारणीचीच अळी खाल्ली होती. "मग हिचा ध्यास कोणी घेतला होता?" एका मुलाने विचारले. तिसरा कोश अद्याप फुटलेला नाही. बाटली वर्गातील कपाटावर आहे.