सुरकुती पडण्याआधीची सुई

बोट्युलिनम टॉक्सिन हे ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नावाच्या जिवाणूपासून मिळणारे प्रथिन असून, ‘बोटॉक्स’ हे त्याच्या एका व्यापारी उत्पादनाचे नाव असले, तरी बोलीत ते या संपूर्ण उपचाराचेच नाव होऊन बसले आहे. पूर्वी चाळिशीच्या आसपास पडलेल्या आठ्या सौम्य करण्यासाठी घेतले जाणारे हे इंजेक्शन आता विशीतील तरुण-तरुणींना, आठ्या पडूच नयेत म्हणून सुचवले जाते आणि पुण्या-मुंबईत ते लग्नाआधीच्या सौंदर्योपचारांच्या पॅकेजमध्येही दिसू लागले आहे. या प्रतिबंधाच्या दाव्याला आधार किती, धोका कोणता आणि निर्णय घेताना काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखिकेच्या अनुभवाच्या आधारे येथे केला आहे.

मेंदूकडून आलेली आज्ञा चेतातंतूच्या टोकाशी पोहोचली की तेथून ॲसिटिलकोलिन हे रसायन बाहेर पडते आणि त्यामुळे स्नायू आकुंचन पावतो. बोट्युलिनम टॉक्सिन चेतातंतूच्या टोकात शिरून या रसायनाच्या स्रवणासाठी लागणारे एक प्रथिन तोडते, त्यामुळे आज्ञा येऊनही स्नायू हलत नाही आणि त्याच्यावरची त्वचा दुमडत नाही. हा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्णत्वाला जातो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. ओठ किंवा गाल भरण्यासाठी वापरले जाणारे हायलुरोनिक आम्लाचे फिलर गरज पडल्यास दुसरे इंजेक्शन देऊन विरघळवता येते. येथे मात्र चेतातंतूत शिरलेले औषध परत काढून घेण्याचा कोणताही उपाय नाही, हे टोचून घेण्यापूर्वीच ठाऊक असायला हवे.

या औषधाचा वैद्यकीय इतिहास गंभीर आणि आदरास पात्र आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावरील उपचार म्हणून त्याचा विकास केला आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांची अनैच्छिक उघडझाप यांसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडातील जीन आणि ॲलिस्टर कॅरुदर्स या डॉक्टर दांपत्याने १९९२ मध्ये भुवयांमधील आठ्यांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केल्यानंतर, २००२ मध्ये अमेरिकेत त्याला सौंदर्योपचारासाठी मान्यता मिळाली. ती मात्र प्रौढांच्या भुवयांमधील मध्यम ते तीव्र आठ्या तात्पुरत्या सौम्य करण्यापुरती होती. ज्या कपाळावर आठी नाही, तेथे ती पडू नये म्हणून टोचणे हा त्या मान्यतेचा विषय नव्हता.

प्रतिबंधाचा दावा समजून घेण्यासाठी सुरकुत्यांचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. कपाळ आक्रसले किंवा हसू आले की उमटणारी आणि चेहरा स्वस्थ होताच नाहीशी होणारी ती गतिमान रेषा, तर चेहरा स्वस्थ असतानाही दिसत राहणारी ती स्थिर रेषा होय. त्वचा एकाच जागी वर्षानुवर्षे दुमडत राहिल्याने गतिमान रेषेची पुढे स्थिर रेषा होते, म्हणून दुमडणेच थांबवले तर रेषा कोरली जाणार नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो तर्कदृष्ट्या चुकीचा नाही, परंतु त्याच्या समर्थनार्थ वारंवार दाखवला जाणारा, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास एकाच जुळ्या बहिणींच्या जोडीचा आहे: एकीने १३ वर्षे नियमित इंजेक्शने घेतली होती, दुसरीने केवळ दोनदा, आणि पहिलीच्या कपाळावर स्थिर रेषा दिसत नव्हत्या. एका जोडीवरून सर्व तरुणांसाठी नियम बांधता येत नाही. शिवाय परिणाम तात्पुरता असल्याने, वयाच्या २५ व्या वर्षी वर्षाला तीन वेळा हा उपचार सुरू करणाऱ्या व्यक्तीला ४५ व्या वर्षापर्यंत ६० वेळा सुई टोचून घ्यावी लागेल, हा हिशेब पॅकेजच्या माहितीपत्रकात सहसा मांडलेला नसतो.

प्रस्तुत लेखिकेने हे इंजेक्शन लग्नाच्या तयारीच्या काळात, वयाच्या २६ व्या वर्षी घेतले, तेव्हा चेहरा स्वस्थ असताना कपाळावर एकही रेषा दिसत नव्हती. औषध भरलेली सिरिंज दुसऱ्या खोलीतून तयार करून आणली गेली. कुपी दाखवली गेली नाही, मात्रा सांगितली गेली नाही आणि पावतीवर औषधाच्या नावाऐवजी पॅकेजचे नाव होते. आठवडाभराने डावी पापणी बुबुळावर अर्ध्यापर्यंत उतरली. एरवी पापणी जड झाली की माणूस नकळत कपाळाचा स्नायू ताणून भुवई वर उचलतो आणि दृष्टीपुरती वाट करून घेतो. येथे कपाळाचा स्नायूही त्याच इंजेक्शनाने निकामी झालेला असल्याने तो मार्गही बंद होता आणि संगणकावरील ओळ वाचण्यासाठी पापणी बोटाने वर धरून ठेवावी लागत होती. दुसऱ्या बाजूलाही थोडे औषध देऊन चेहरा ‘सारखा’ करण्याची तयारी क्लिनिकने दाखवली, ती नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यावरून नाकारण्यात आली.

भुवईच्या जवळ टोचलेले औषध डोळ्याच्या खोबणीत उतरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचले की असे घडते. भुवयांमधील आठ्यांसाठी एका प्रचलित उत्पादनाची शिफारस केलेली मात्रा पाच जागी प्रत्येकी ४ युनिट, म्हणजे एकूण २० युनिट इतकी आहे, आणि भुवईवरच्या जागा खोबणीच्या हाडाच्या कडेपासून किमान एक सेंटिमीटर वर असाव्यात, असा नियम याच कारणासाठी आहे. ॲप्राक्लोनिडिन या औषधाच्या डोळ्यात घालायच्या थेंबांनी पापणीतील एक छोटा सहायक स्नायू उत्तेजित होऊन पापणी एक-दोन मिलिमीटर वर येते, पण खरा उतार काळानेच पडतो. पापणी काही आठवड्यांनी पूर्ववत झाली. त्यानंतर उरलेला प्रश्न अधिक मूलभूत होता: जी रेषा मुळात नव्हती, ती न पडण्याचे श्रेय उपचाराला द्यावे की वयाला, हे ठरवण्याचे कोणतेही माप उपलब्ध नव्हते. धोका प्रत्यक्ष आणि लाभ न मोजता येणारा, अशी ही विषम देवाणघेवाण आहे.

या अनुभवातून निघणारे मार्गदर्शन पुढीलप्रमाणे सांगता येते. प्रथम, चेहरा स्वस्थ ठेवून आरशात पाहावे आणि स्थिर रेषा दिसत नसेल, तर इंजेक्शनाचा विचार तेथेच थांबवावा. तरीही निर्णय घ्यायचाच असेल, तर टोचणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का आणि राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तिची नोंद आहे का, हे तपासावे. सलूनमध्ये हे इंजेक्शन कधीही घेऊ नये. कुपी डोळ्यांसमोर उघडायला सांगून उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि एकूण युनिट लेखी घ्यावेत, कारण निरनिराळ्या उत्पादनांची युनिटे परस्परांशी समान नसतात आणि गुंतागुंत झाल्यास पुढच्या डॉक्टरांना नेमकी हीच माहिती लागते. गर्भवती व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, तसेच मायस्थेनिया ग्रेव्हिससारखे, म्हणजे चेता व स्नायू यांच्या जोडावरचे विकार असलेल्या व्यक्तींनी यापासून दूर राहावे. कमी अंतराने ‘टच-अप’ घेऊ नये, कारण वारंवारच्या मात्रांमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन औषध निष्प्रभ ठरण्याची शक्यता वाढते. हेच औषध मानेच्या आचक्यांवर आणि जुनाट अर्धशिशीवरही वापरले जात असल्याने, ते पुढे खऱ्या आजारात लागू शकते. इंजेक्शनानंतर गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाल्यास क्लिनिकला फोन करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

त्वचेचे अकाली वृद्धत्व टाळण्याचा अधिक भक्कम पुरावा असलेला उपाय साधा आहे. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालील प्रौढांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटाच्या त्वचेत साडेचार वर्षांनंतर वृद्धत्वाची मोजता येण्याजोगी वाढ आढळली नाही. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे सुरकुत्या मुळातच उशिरा दिसतात आणि तेथे उन्हाचा परिणाम आधी डागांच्या रूपाने प्रकटतो, ज्यावर बोटॉक्सचा काहीही उपयोग नाही. म्हणून विशीतील वाचकांनी रोजचे सनस्क्रीन, उन्हात टोपी किंवा ओढणी आणि तंबाखूपासून दूर राहणे यांवर भर द्यावा, आणि नसलेल्या आठीवर कोणी इंजेक्शन सुचवले तर निःसंकोच नकार द्यावा.