आखाजी ते मृग : नंदुरबारच्या जमिनीचा कस राखताना

वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे खानदेशात ज्या सणाला आपण आखाजी म्हणतो त्या दिवशी, जुन्या सालदाराचा हिशेब चुकता होऊन नव्या सालाची बोली ठरते, लेकी माहेरी येतात, झाडाझाडांना झोके बांधले जातात, आणि शेतकऱ्याच्या व्यवहारातले एक वर्ष संपून दुसरे सुरू होते. माणसांचा हिशेब ज्या दक्षतेने त्या दिवशी केला जातो त्याच दक्षतेने, सरत्या सालात आपण जमिनीतून काय नेले आणि तिला काय परत दिले, याचाही जमाखर्च शेतकऱ्याने मांडावा, ही या लेखाची पहिली विनंती आहे. कारण आखाजीपासून मृग नक्षत्र निघेपर्यंतचा, सुमारे एका महिन्याचा, हा जो रिकामा आणि रखरखीत काळ असतो, त्यातच जमिनीचे पुढल्या सालाचे आरोग्य बव्हंशी ठरून जाते. पेरणीनंतर पिकाच्या पोषणासाठी पुष्कळ काही करता येते. परंतु जमिनीच्या घडणीसाठी जे करावयाचे ते त्यापूर्वीच करावे लागते.

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आपला जिल्हा विस्ताराने लहान असला तरी त्याच्या सहा तालुक्यांत जमिनीच्या तीन भिन्न प्रकृती नांदतात, आणि एकाच सल्ल्याने तिघींचे समाधान करू पाहणे अनुचित ठरेल. तापीच्या दोन्ही तीरांवर, शहादा, तळोदा आणि नंदुरबार या तालुक्यांत, नदीने युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाची खोल, काळी, चिकण जमीन आहे. तिच्यात केळी, पपई, ऊस, कापूस आणि मिरची ही पिके घेतली जातात. नवापूरकडे पाऊस अधिक, भाताची खाचरे आणि ज्या तुरीच्या डाळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले ती तूर. आणि उत्तरेस सातपुड्याच्या अंगाखांद्यावर, अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत, उतारावरची उथळ, मुरमाड जमीन, जिच्यातून दर पावसाळ्यात माती सुटून नर्मदेच्या अथवा तापीच्या पाण्याबरोबर निघून जाते. पहिलीला अतिरिक्त पाण्याचा आणि क्षारांचा उपद्रव, तिसरीला धुपेचा. परंतु सेंद्रिय द्रव्याची उणीव मात्र तिन्हींत कमीअधिक प्रमाणात आहे, आणि म्हणून प्रारंभ तिथूनच करू.

चैत्र-वैशाखात सायंकाळी नंदुरबारहून शहाद्याकडे येणाऱ्या कोणालाही बांधाबांधावर धूर दिसतो. तो उपटून रचलेल्या पऱ्हाटीचा असतो. कोरडवाहू कपाशीच्या एका हेक्टरातून दोन ते तीन टन वाळलेली पऱ्हाटी निघते. तिच्यातला थोडा भाग चुलीला जातो आणि उरलेली काडी ओढून पेटविली जाते. त्या अग्नीत काय जळते याचा विचार करावा. पिकाने चार-पाच महिने हवेतून घेऊन साठविलेला कर्ब जातो, नत्र आणि गंधक वायुरूपाने उडून जातात, आणि मागे राहते ती पालाश व चुना असलेली राख, जी आपल्या चुनखडीयुक्त, विम्लतेकडे झुकलेल्या काळ्या जमिनीच्या फारशा उपयोगाची नाही. ज्या ठिकाणी ढीग जळतो तिथला मातीचा वरचा थर भाजून निघतो आणि त्यातील जीवाणूंचाही नाश होतो. इतके सारे गमावून आपण मोबदल्यात मिळवितो ते एवढेच की शेत लवकर मोकळे झाले.

हा प्रश्न आजचा नाही आणि त्याचे उत्तरही आजचे नाही. सातपुड्याच्या पलीकडे इंदूर येथे, होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर 1924 साली उभ्या राहिलेल्या वनस्पती-संशोधन संस्थेत, आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कपाशीच्याच प्रदेशात राहून या पऱ्हाटीचे खत कसे करावे याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि 1931 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला; पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली गेलेली कंपोस्टची रीत ती हीच. पऱ्हाटीचे लाकूड कठीण, ते सहजी कुजत नाही, ही जी तक्रार आपला शेतकरी आज करतो ती त्यांच्यासमोरही होती. त्यांनी केलेली तजवीज अशी की, ती काडी शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवावयाची, म्हणजे जाता-येता बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली ती चिरडून तिच्या चिंधड्या होतात; मग तो चुरा गोठ्यात बैलांखाली अंथरावयाचा, म्हणजे तो मूत्र शोषून मऊ होतो; आणि त्यानंतरच तो शेण व मातीसह खड्ड्यात घालावयाचा. ज्याच्या गावात ट्रॅक्टरवर चालणारे काडी बारीक करण्याचे यंत्र भाड्याने मिळते त्याने ते अवश्य वापरावे. ज्याला ते परवडत नाही त्याने गाडीवाटेची ही जुनी युक्ती करून पाहावी, तिला पैसा लागत नाही.

यंत्राने केलेला चुरा थेट नांगरून गाडण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यात एक अडचण आहे, ती ध्यानी घ्यावी. पऱ्हाटीत नत्राच्या मानाने कर्ब फार, त्यामुळे ती जमिनीत कुजू लागली की कुजविणारे जीवाणू स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतलेच नत्र ओढून घेतात, आणि नेमक्या त्याच सुमारास उगवलेले कोवळे पीक पिवळे पडते. म्हणून तिचा ढीग घालून ती आधी कुजवावी. झाडाच्या सावलीत, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर, तीन-चार फूट उंचीचा ढीग करावा. काडीच्या चुऱ्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर बांधावरच्या मातीची मूठमूठ पेरणी, असे थर रचीत जावे, आणि फुलोऱ्यापूर्वी उपटलेले गाजरगवत, ज्वारीची धसकटे, घरचा केरकचरा हे सारे त्यात सामावून घ्यावे. ओलावा बरोबर आहे किंवा नाही हे पाहण्यास उपकरण नको: ढिगात हात घालून मूठभर ऐवज दाबावा, बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब डोकावला तर ओल यथायोग्य, धार लागली तर पाणी जास्त, आणि मूठ उघडताच सारे भुरभुरून पडले तर कमी. चांगला ढीग आठवड्याभरात आतून इतका तापतो की कोपरापर्यंत घातलेला हात लगेच बाहेर काढावा लागतो; या उष्णतेनेच तणांचे बी आणि बोंडांत दडलेल्या गुलाबी बोंडअळीचे कोश नष्ट होतात, म्हणून बाहेरचा भाग आत आणि आतला बाहेर असा ढीग निदान तीनदा फिरवावा. इतके श्रम होणार नसतील तर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी रूढ केलेले नाडेप टाके बांधावे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी झरोके ठेवलेले हे टाके फिरवाफिरवीवाचून तीन-चार महिन्यांत खत देते. मात्र मर व मूळकूज लागलेली मिरचीची अथवा पपईची झाडे यात कदापि घालू नयेत.

आता उकिरड्यावरच्या शेणखताविषयी. ते बहुधा आखाजीच्या आसपास गाड्या भरून शेतात नेले जाते, आणि मग लहानलहान ढिगाऱ्यांच्या रूपाने पंधरा दिवस, महिनाभर, वैशाखाच्या उन्हात तसेच पडून राहते. शेतात ओळीने मांडलेले ते ढिगारे पाहून मन प्रसन्न होते खरे, पण उत्तम शेणखताच्या एका टनात जे जेमतेम पाच किलो नत्र असते त्यातले पुष्कळसे या महिन्यात हवेत निघून जाते. खत ज्या दिवशी शेतात न्याल त्याच दिवशी ते पसरून वखराच्या पाळीने मातीत मिसळावे, आणि हे काम मृगाच्या अगदी तोंडावर, वळवाच्या एखाद्या सरीनंतर केल्यास सर्वोत्तम. खत पुरते कुजलेलेच असावे. कच्च्या शेणाला हुमणी आणि वाळवी यांचा उपद्रव लागतो. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसाबरोबर जमिनीतून निघून सायंकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात; त्या वेळी फांद्या हलवून ते पाडावेत आणि नष्ट करावेत.

तापीकाठच्या बागायतदारांसाठी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे. सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बंधाऱ्यांमुळे पाण्याची शाश्वती झाली, हे मोठेच भाग्य. परंतु खोल चिकण जमिनीला निचऱ्याची वाट न ठेवता वर्षानुवर्षे उसाला आणि केळीला पाट भरून पाणी दिले, म्हणजे भूजल वर चढते आणि त्याच्यासह क्षारही वर येतात. अशा बिघडलेल्या जमिनीचे दोन प्रकार आहेत आणि दोहोंचे उपचार भिन्न असल्याने त्यांची ओळख पक्की असावी. वाळल्यावर पृष्ठावर पांढरी पापडी धरते आणि पायाखाली भुसभुशीत लागते ती खारवट. हिचे क्षार पाण्यात विरघळणारे, त्यामुळे चर खोदून निचरा करावा आणि गोड्या पाण्याने ते धुऊन काढावेत. ओली असता लोण्यासारखी चिकट, वाळली असता दगडासारखी कठीण, आणि पावसाचे पाणी जिच्यावर दिवसेंदिवस गढूळ होऊन साचून राहते ती चोपण. हिचा सामू बहुधा साडेआठाच्या वर असतो आणि तिच्यातील सोडियम मातीच्या कणांना चिकटलेले असते, ते नुसत्या धुण्याने हलत नाही. तेथे आधी निचरा, मग प्रयोगशाळेने सांगितलेल्या प्रमाणात जिप्सम, आणि त्याच पावसाळ्यात धैंचा पेरून तो दीड महिन्याने, फुले येऊ लागताच, गाडणे असा क्रम ठेवावा. धैंचा कुजताना जी आम्ले उत्पन्न होतात ती जमिनीत मुळातच असलेल्या चुनखडीला विरघळवितात आणि त्यातून मोकळा झालेला चुना सोडियमची जागा घेतो. म्हणजे जिप्समचे निम्मे काम ही वनस्पती फुकट करते. खारवट जमिनीत जिप्समवर खर्च करणे मात्र व्यर्थ होय. केळीचा घड कापल्यावर उरणारा खांब आणि पाने बांधावर फेकू नयेत. त्यांत पालाश विपुल असते, त्यांचे तुकडे करून ओळींच्या मध्ये अंथरावेत. विषाणुरोगाने पछाडलेली झाडे तेवढी समूळ काढून वेगळी पुरावीत.

सातपुड्यातील बंधूंना कंपोस्टाच्या आधी मातीच जागेवर राखावयाची आहे. तिथे बांधावर दगड रचणे, उताराला आडवी नांगरट व पेरणी, समतल चर, आणि बांधावर गिरिपुष्प लावून वर्षातून दोनतीनदा त्याचा पाला छाटून शेतात टाकणे, ही कामे याच महिन्यात आरंभावीत. गिरिपुष्पाच्या फांद्या मात्र पहिल्या पावसानंतर रोवाव्यात. ज्वारीत तूर, उडीद, चवळी मिसळून पेरण्याची आणि मोर, बर्टी यांसारखी बारीक धान्ये घेण्याची जी वहिवाट भिल्ल व पावरा कुटुंबांनी जपली आहे, तिच्याकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहणाऱ्यांनी एक गोष्ट जाणावी की, जमीन झाकून ठेवणारे आणि द्विदलांच्या मुळांवाटे नत्र देणारे याहून उत्तम पीकपद्धतीचे उदाहरण सपाटीवरच्या आपल्या एकसुरी कपाशीत सापडत नाही.

मातीचा नमुना काढण्यासही हाच काळ योग्य, कारण शेत रिकामे असते आणि खत अजून पडलेले नसते. विहिरीजवळची, बांधालगतची, झाडाखालची आणि उकिरड्याची जागा टाळून, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे साडेबावीस सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत, त्यांच्या कडेची माती लाकडी पट्टीने खरवडून घमेल्यात गोळा करावी, एकत्र करून तिचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. काळ्या जमिनीचा नमुना खोल व उथळ भागांतून एकत्र करू नये. प्रत्येक भागाचा स्वतंत्र असावा. कोळदे येथील कृषि विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात नमुन्याविषयी विचारणा करावी. अहवालात इतर आकड्यांपूर्वी सेंद्रिय कर्ब पाहावा: 0.40 टक्क्यांपर्यंत तो कमी, 0.41 ते 0.60 मध्यम. एका वर्षात हा आकडा फारसा हलत नाही; तीन-चार वर्षांच्या पत्रिका जपून ठेवल्या म्हणजे आपण कमावीत आहोत की गमावीत आहोत ते कळते.

जीवामृताविषयी पुष्कळ विचारणा होते. 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि 200 लिटर पाणी, हे एकरी प्रमाण आता घरोघर पाठ झाले आहे. ते जरूर वापरावे. पण जीवाणूंना खाण्यास जमिनीत काडीकचरा नसेल तर त्यांना नुसते आमंत्रण देऊन काय साधणार? तसेच, रासायनिक खते एका हंगामात एकदम बंद करून उत्पन्न घटले म्हणजे शेतकरी निराश होऊन पुन्हा जुन्या मात्रेवर जातो, असे होते. त्यापेक्षा माती परीक्षणाच्या आधारे, सेंद्रिय पुरवठा वाढत जाईल तसतशी मात्रा घटवीत जाणे शहाणपणाचे. तुरीच्या, उडदाच्या बियाण्यास पेरणीपूर्वी रायझोबियम आणि स्फुरद विरघळविणारे जीवाणू, दर दहा किलोस प्रत्येकी 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळावेत आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे.

मिरचीचे पीक ज्या तुकड्यात मरीने गेले त्यात निदान दोन-तीन वर्षे मिरची, टोमॅटो, वांगे घेऊ नये. ज्वारी वा मका घ्यावा. कपाशीच्या दोन ओळींत ताग किंवा चवळी पेरून पाच-सहा आठवड्यांनी ती तिथेच गाडावी, म्हणजे हिरवळीच्या खतासाठी अख्खा हंगाम खर्ची पडत नाही. आणि पुढल्या मार्गशीर्षात वेचणी संपताच, भाव चढेल या आशेने फरदड न ठेवता, कपाशी उपटावी. तेव्हा पऱ्हाटीत थोडा ओलसरपणा असतो, यंत्रात ती सहज बारीक होते, बोंडअळीची साखळी तुटते, आणि मार्गशीर्षात रचलेला ढीग आखाजीला गाडीत भरण्याजोगा तयार होतो.