‘प्रतिभा’ म्हणजे नेमके काय?

गेल्या वर्षी एका काव्यस्पर्धेत परीक्षकांनी माझ्या कवितेवर शेरा दिला : “मेहनत दिसते, प्रतिभा दिसत नाही.” राग आला, हे कबूल करतो. परंतु जी वस्तू आपल्यात नाही ती आहे तरी काय, ते पाहावे म्हणून शब्दकोश उघडला.

‘भा’ म्हणजे प्रकाशणे. त्याला ‘प्रति’ हा उपसर्ग लागून ‘प्रतिभा’ झाली. एखादी गोष्ट एकाएकी मनासमोर उजळणे, हा मूळ अर्थ. म्हणजे ही माणसाला द्यावयाची पदवी नव्हे, मनात घडणारी घटना होय. इंग्रजी ‘जीनियस’ची कथाही अशीच आहे. मूळ शब्द लॅटिन, जन्म देणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. प्राचीन रोमन लोक प्रत्येक पुरुषाबरोबर जन्मणाऱ्या रक्षक देवतेला ‘जीनियस’ म्हणत व वाढदिवसाला तिची पूजा करीत. प्रत्येकाला ती असे, बरे का! एखादाच अलौकिक माणूस म्हणजे ‘जीनियस’, हा अर्थ युरोपात मुख्यतः अठराव्या शतकात रूढ झाला. आपण ‘प्रतिभावंत’ म्हणतो तेव्हा नकळत तोच अर्थ मनात असतो, असे मला वाटते.

आपला राजशेखर मात्र अधिक उदार. ‘काव्यमीमांसे’त त्याने प्रतिभा दोन प्रकारची मानली : कवीची कारयित्री आणि रसिकाची भावयित्री. कारयित्रीचेही तीन भेद. सहजा पूर्वजन्मीच्या संस्कारातून येते, आहार्या या जन्मीच्या संस्कारातून, तर औपदेशिकी उपदेशातून. मेहनतीलाही प्रतिभेच्या घरात जागा आहे तर! याच ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरीत होतो. वत्सगुल्म म्हणजे आपल्या जिल्ह्याला लागून असलेले वाशीम.

भावयित्रीचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) मेहकरला वकिली करीत कविता लिहीत. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांना भावली. त्यांनी तिला चाल लावली, स्वतः गायिली, आणि ध्वनिमुद्रिकेवरून ती महाराष्ट्रभर पोहोचली. ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८६ साली, कितीतरी नंतर. कवितेतले गाणे ज्याने ओळखले त्या गायकाला राजशेखराने खचितच प्रतिभा बहाल केली असती.

हे सारे वाचल्यावर माझी ती कविता पुन्हा काढली, आणि या खेपेस केवळ वाचक म्हणून वाचली. तीनपैकी दोन कडवी मलाच आवडली नाहीत. ती खोडली आहेत. तिसरे तूर्त ठेवले आहे.