१२८ बाइटमधला व्हिडिओ गेम

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे परळीला गेलो की आम्हा पोरांचं एकच काम असायचं. टीव्हीला व्हिडिओ गेम जोडणे! कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत खोचायची. मधेच लाइट गेली की मामा म्हणायचा, "वीज आपल्या परळीत बनते, अन् अंधार पण आपल्यालाच!" तो डबा म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल होती, हे फार उशिरा कळलं.

हे आठवायचं कारण माझा रूममेट. त्याला प्रोजेक्ट ग्राफिक्समध्येच करायचा होता. पण पीसी जुना, ग्राफिक्स कार्ड नाही, आणि घरी कापसाचे पैसे अजून आलेले नाहीत. विषय बदलतो म्हणाला. तेव्हा लॅबमधल्या सरांनी त्याच्यापुढे ८०५१ चं किट ठेवलं. "यात आतली रॅम किती? १२८ बाइट. १९७७ च्या अटारी २६०० मध्येही तेवढीच होती. त्यांनी कसं केलं ते बघा."

बघितलं. अटारीत पूर्ण चित्र साठवायला जागाच नाही. टीव्हीचा इलेक्ट्रॉन झोत एक ओळ काढतो तेवढ्यात, म्हणजे प्रोसेसरच्या ७६ सायकलमध्ये, त्या ओळीत काय दाखवायचं ते प्रोग्रामने टीआयए नावाच्या चिपला सांगायचं. लगेच पुढची ओळ. उशीर झाला की चित्र बिघडलं.

फॅमिकॉमची युक्ती मला जास्त आवडली. पडदा २५६ × २४० ठिपक्यांचा. ठिपक्याला २ बिट धरले तरी १५,३६० बाइट लागतात, आणि पडद्याच्या चित्रासाठी रॅम फक्त २ केबी! म्हणून पडद्याचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले, घरात फरशी बसवतात तसे. फरशांचे नमुने कॅसेटमधल्या चिपमध्ये. रॅममध्ये फक्त कुठे कितव्या नंबरची फरशी एवढंच, म्हणजे ३२ × ३० = ९६० बाइट. रंगांसाठी आणखी ६४. झाले १०२४. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समधला ढग आणि झुडूप नीट बघा, फरशा त्याच आहेत, नुसता रंग बदललाय. हलणारी चित्रं मात्र एका आडव्या ओळीत आठच मावतात. जास्त झाली की प्रोग्राम ती आळीपाळीने दाखवतो, म्हणून लुकलुकतात. आम्ही येडे, कॅसेट खराब झाली समजून फुंकत बसायचो.

सिनेमाचं गणित उलटं. तिथे फ्रेम आधीच करून ठेवता येते, कितीही वेळ घ्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक फ्रेम करत टिपली होती. १९९५ च्या टॉय स्टोरीसाठी पिक्सारने रेंडरमॅन हे सॉफ्टवेअर आणि सन कंपनीचे ११७ कॉम्प्युटर लावले, तरी एकेका फ्रेमला तासन् तास लागायचे. गेमला मिळतो सेकंदाचा पन्नासावा नाहीतर साठावा भाग.

रूममेटने विषय बदलला नाही. १२८ × ६४ ठिपक्यांचा जीएलसीडी आणला. ठिपके तो स्वतःच्या मेमरीत ठेवतो, पण कुठली फरशी कुठे हे ८०५१ ला लक्षात ठेवावंच लागतं. फरशा मोजल्या तर बरोबर १२८ भरल्या! प्रत्येकीला एक बाइट दिला की सगळी रॅम तिथेच संपली, मग रजिस्टर आणि स्टॅक कुठे ठेवणार? शेवटी फरशीचे प्रकार १६ च ठेवले. अर्ध्या बाइटात काम भागलं, नकाशा ६४ बाइटमध्ये बसला. परवा रात्री दोन वाजता पडद्यावर साप चालला. अजून भिंतीतून आरपार जातो, पण चालतो.