गर्भातील बाळाला हृदयदोष : मातेला आधार कसा द्यावा?

"बाळाच्या हृदयात दोष दिसतो," हे डॉक्टरांचे शब्द ऐकल्यावर मातेला पुढचे काही ऐकू येत नाही. उपचार डॉक्टर करतील. पण तिचे मन सांभाळणे हे घरच्यांचे व समाजाचे कर्तव्य आहे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. दर हजार नवजात बालकांपैकी सुमारे ८ ते १० बालकांना जन्मजात हृदयदोष असतो. हृदयाची मुख्य घडण गर्भारपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच होते. साधारणपणे १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत शंका आल्यास गर्भाच्या हृदयाची इको तपासणी करतात. अनियंत्रित मधुमेह, रुबेला, गुणसूत्रांतील दोष ही काही कारणे ज्ञात आहेत; परंतु बहुतेक वेळा निश्चित कारण सापडत नाही. "ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असे झाले," हे म्हणणे निराधार तर आहेच, शिवाय क्रूरही आहे. म्हणून आधाराची पहिली पायरी म्हणजे दोष देणे थांबविणे.

दुसरी पायरी ऐकण्याची. "काही होत नाही" किंवा "दुसरे होईल" असे बोलून तिचे दुःख लहान करू नये. तिला रडू द्यावे. पतीही आतून खचलेला असतो, त्याचीही विचारपूस करावी.

तिसरी पायरी सोबतीची. दवाखान्यात एकाने बरोबर जावे. दोष कोणता, शस्त्रक्रिया लागेल काय, प्रसूती कोठे करावी, हे प्रश्न वहीत लिहून न्यावेत. काही लहान छिद्रे आपोआप बुजतात. काही दोषांत मात्र जन्मानंतर थोड्याच दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागते. अगोदर कळल्यास योग्य रुग्णालयाची तयारी करता येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयरोगाचा समावेश आहे. त्याची चौकशी सरकारी रुग्णालयात करावी.

चौथी पायरी निर्णयाचा मान राखण्याची. २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. त्यासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. गर्भ ठेवावा की नाही, याबाबत सासर-माहेरने दडपण आणू नये.

झोप उडाली, अन्न जाईना, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्वरित डॉक्टरांना सांगावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे.

बाळाचे पुढे काय होईल, हे आपल्या हाती नसते. परंतु त्या मातेला एकटे पडू न देणे हे निश्चितच आपल्या हाती आहे.